ब्रेकचं आउटर आणि गिअरचं आउटर: रंग नको, काप बघा

“ब्रेक लागत नाही, वायर बदलून द्या,” असं सायकलच्या दुकानात सांगितलं की तिथूनच घोळ सुरू होतो. आपल्याकडे आतली तारही वायर आणि बाहेरची काळी नळी, म्हणजे आउटर, तीही वायर. ब्रेकचीही वायर, गिअरचीही वायरच. साताऱ्यात राहून हा घोळ परवडत नाही. इथे सायकल बाहेर काढली की कुठला ना कुठला उतार ठरलेला: यवतेश्वरचा घाट, सज्जनगडाचा रस्ता, अजिंक्यताऱ्याची वळणं.

आतल्या तारेबद्दल फार सांगायला नको. ब्रेकची जाड, साधारण दीड ते १.६ मिलिमीटर. गिअरची बारीक, १.१ किंवा १.२. ब्रेकच्या तारेचं डोकं आडव्या हँडलच्या सायकलला छोट्या पिंपासारखं असतं, रेसरच्या वाकड्या हँडलला थेंबासारखं. गिअरच्या तारेचं डोकं इतकं लहान की ते ब्रेकच्या लिव्हरमध्ये नीट बसतच नाही. इथली चूक हातालाच कळते.

फसगत होते ती आउटरची. दोन्ही काळी, दोन्हीत आत प्लॅस्टिकची बारीक नळी, दोन्ही भेंडोळ्यातून मीटरवर कापून मिळतात. ब्रेकचं बहुतेक वेळा ५ मिलिमीटर जाड आणि गिअरचं ४ असतं, पण ४ चं ब्रेक आउटर आणि ५ चं गिअर आउटरही बाजारात आहे. जाडीवर विसंबू नका. कापलेलं टोक उजेडात धरा. ब्रेकच्या आउटरमध्ये चपट्या पोलादी पट्टीचं वेटोळं असतं, म्हणून टोकाला एकच कडी दिसते. गिअरच्या आउटरमध्ये बारीक तारा लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी बसवलेल्या असतात, म्हणून टोकाला ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. एवढी एक खूण लक्षात राहिली तरी पुरे.

दोघांची घडण वेगळी का, हे समजून घ्यायला हवं. लिव्हर दाबल्यावर आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने आउटर दोन्ही टोकांकडून दाबलं जातं. म्हणजे ब्रेकच्या कामात आउटरचा वाटा तारेइतकाच आहे. ब्रेकचं आउटर म्हणजे बांगड्यांची चळत समजा. वरून कितीही दाबा, दाब एका बांगडीवरून दुसरीवर उतरत जातो आणि चळत टिकते. गिअरचं आउटर म्हणजे उभा धरलेला खराटा. हलक्या दाबाला त्याच्या काड्या ताठ राहतात, पण जोर वाढला की बांधलेली दोरी सुटते आणि काड्या फाकतात. इथे दोरीचं काम फक्त वरचं प्लॅस्टिक करतं, आणि तेही उन्हापावसाने कडक झालेलं असतं.

मग गिअरला तरी खराटा कशाला? वेटोळ्याचं आउटर वाकवलं की बाहेरच्या बाजूच्या कड्या विलगतात आणि त्याची लांबी किंचित बदलते. ब्रेकला त्याने काही बिघडत नाही. क्लिकवर बदलणाऱ्या गिअरला मात्र एका क्लिकमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर तार सरकायची असते. तिथे लांबी बदलली की साखळी गिअरच्या दोन दातेरी चाकांच्या मध्ये खडखडत राहते. शिमानोच्या गिअर आउटरवर ‘एसआयएस’ छापलेलं असतं, त्याचा अर्थ शिमानो इंडेक्स सिस्टिम. ती अक्षरं दिसली की ब्रेकला लावू देऊ नका.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात फुलं बघून कासवरून उतरत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. यवतेश्वरच्या एका वळणावर मागचा ब्रेक जोरात दाबला, फट् असा आवाज झाला आणि लिव्हर थेट हँडलला टेकला. पुढच्या ब्रेकवर सावरत कडेला थांबलो. लिव्हरजवळच्या वाकात आउटर उसवलं होतं आणि तारा खराट्यासारख्या बाहेर आल्या होत्या. आठच दिवसांपूर्वी शहरातल्या एका दुकानात “भारीतलं” आउटर म्हणून ते बसवून घेतलं होतं. “दोन्ही एकच असतं हो,” हे वाक्य तेव्हापासून मला ऐकवत नाही.

हल्ली ‘कॉम्प्रेशनलेस’, म्हणजे दाबाने न आकसणारं, ब्रेक आउटर मिळतं, त्याने गोंधळ आणखी वाढलाय. त्यातही उभ्या ताराच असतात, पण त्यांच्यावर केवलारसारख्या चिवट धाग्याची घट्ट वीण असते. थोडक्यात, खराट्याला भक्कम पट्टा बांधलेला. ते ब्रेकसाठीच बनवलेलं असतं आणि पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. वायरवरच्या डिस्क ब्रेकला, त्यातही मागच्या लांब आउटरला, त्याचा फरक पहिल्याच उतारावर जाणवतो. लिव्हरचा भुसभुशीतपणा जातो. ते ताठ असल्यामुळे अरुंद वाक त्याला सोसत नाही. रिमवर रबर घासणारे ब्रेक असतील तर माझं मत स्पष्ट आहे: चांगलं वेटोळ्याचं आउटर आणि स्टेनलेसची गुळगुळीत तार घ्या, उरलेले पैसे ब्रेकच्या रबरांवर घाला. तार आणि आउटर हाताचा जोर वाया जाऊ देत नाहीत. चाक धरायचं काम रबराचंच.

आणि महाग आउटर वाकडंतिकडं कापलं तर स्वस्तातलं नीट बसवलेलं बरं. पक्कडने चेपून कापू नका, केबल कटर वापरा. टोक कानशीने सपाट करा, चेपलेली आतली नळी दाभणाने गोल करा, मग टोकावर टोपी बसवा. टोक तिरकं राहिलं तर प्रत्येक दाबाला ते टोपीत सरकतं आणि लिव्हर मऊच लागतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढीच लांबी ठेवा. आतल्या नळीत जाड ग्रीस भरायची सवय सोडा, त्यात धूळ बसून तार जड होते. साधी जस्ताच्या मुलाम्याची तार आपल्या पावसात गंजते, ती दर पावसाळ्यानंतर बाहेर काढून बघा.

बसवून झाल्यावर सायकल उभी ठेवूनच दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने दहा-बारा वेळा दाबा. आउटर टोप्यांमध्ये घट्ट बसेल आणि तार किंचित सैल पडेल. ती ओढून पुन्हा कसा आणि मगच घाटाकडे निघा.