कोरोना पेशीत शिरला की आत काय होतं, आणि ते कळायला एवढी वर्षं का लागली

कोव्हिडमध्ये स्पाइक प्रोटीन सगळ्यांना माहीत झालं, पण व्हायरस आत शिरल्यावर पेशीचं काय होतं यावर फारसं कोणी बोललंच नाही, आणि खरी उलथापालथ तर तिथेच होते.

जून अल्मेडा यांनी लंडनमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली टिपलेले माणसाच्या कोरोनाव्हायरसचे फोटो १९६७ मध्ये छापून आले. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, भारतातल्या पहिल्या पेशंटच्या स्वॅबमधून टिपलेला फोटोही तसाच, म्हणजे पेशीबाहेरचा सुटा कण.

आतलं चित्र नीट दिसलं ते २००२-०३ च्या सार्सनंतर, म्हणजे कोरोनाच्याच एका जातीने आणलेल्या साथीनंतर. नेदरलँड्समधल्या लायडनच्या टीमने २००८ मध्ये दाखवलं की व्हायरस पेशीची आंतर्द्रव्यजालिका (ईआर), म्हणजे पेशीतलं पडद्यांचं जाळं, त्याचेच पडदे वापरून दुहेरी पडद्याच्या गोल पिशव्या तयार करतो, एकेक साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरची, बाहेरच्या पडद्याने एकमेकींना आणि ईआरला जोडलेली. आत दुहेरी धाग्याचा आरएनए. आरएनए म्हणजे व्हायरसचा जनुकीय आराखडा, आणि त्याची कॉपी निघताना तो दुहेरी होतो, म्हणजे कॉप्या बहुतेक इथेच निघत असणार. पण घोळ असा की आतला पडदा सगळीकडून बंद! प्रोटीन बनवणारे रायबोसोम बाहेर, नवा व्हायरस पॅक होतो तोही बाहेर, मग आरएनए निघतो कुठून?

उत्तर मिळालं थेट २०२० मध्ये, परत लायडनमध्येच. यावेळी पेशी झटक्यात गोठवल्या, त्यांचे अतिपातळ काप काढले आणि मग पाहिलं तर दोन्ही पडद्यांतून आरपार जाणारं एक छिद्र, सहा सारख्या भागांचं, मुख्यतः व्हायरसच्याच एनएसपी३ या प्रोटीनचं. आधी दिसलं उंदरांच्या कोरोनाव्हायरसमध्ये, मग तसंच कोव्हिडच्या व्हायरसमध्येही. मला तर हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात भारी शोध वाटतो, बारा वर्षं अडलेला प्रश्न आणि उत्तर समोरच्या फोटोत.

त्याच वर्षी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या टीमने गॉल्जीचे, म्हणजे प्रोटीनं पॅक करून पुढे पाठवणाऱ्या पेशीतल्या भागाचे, तुकडे तुकडे झालेले दाखवले, तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतून आलं की नवे कण पेशी प्रोटीनं बाहेर सोडते त्या नेहमीच्या वाटेने न जाता लायसोसोम या पेशीतल्या आम्ल पिशव्यांमधून बाहेर पडतात, आणि त्यात लायसोसोमची आम्लता कमी होते, म्हणजे नको असलेलं पचवून टाकणारी यंत्रणाच कमजोर पडते. एनएसपी३ चाच एक भाग व्हायरसची लांबलचक प्रोटीनं कापून वेगळी करतो, आणि त्याला अडवणारी औषधं शोधायचं काम आता जोरात चालू आहे.