पाठीचं माप आणि कमरेचं हाड: जंगलात चालणाऱ्यांची बॅग

सध्या ऑनलाइन दुकानांत ‘हंटिंग बॅकपॅक’ नावाच्या बॅगांचा सुकाळ आहे. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं कापड, बाजूला बंदूक अडकवायचे पट्टे, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सर्वांना फिट’. शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली, त्यामुळे बंदुकीच्या पट्ट्यांत कॅमेऱ्याची तिवई जाते. ते चांगलंच आहे. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री प्राणी बघायला पाणवठ्यावर बसायला निघालेली पोरं, मेळघाटात पायी गस्त घालणारे वनरक्षक, कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) बॅटऱ्या बदलत फिरणारे तरुण, सगळ्यांच्या पाठीवर हल्ली हीच बॅग दिसते. आणि बहुतेकांच्या पाठीवर ती चुकीची बसलेली असते. ‘सर्वांना फिट’ अशी पाठ असूच शकत नाही. का ते नीट समजून घेऊ.

आधी मूळ वस्तू काय आहे ते पाहू. अमेरिकेतला शिकारी एल्क नावाच्या मोठ्या हरणामागे डोंगरात जातो तेव्हा पाठीवर फारसं वजन नसतं. परतताना मात्र त्याच बॅगेवर तीसेक किलो मांस बांधून अनेक किलोमीटर चालावं लागतं. म्हणून खऱ्या हंटिंग बॅकपॅकला ताठ सांगाडा असतो, तळहाताएवढा रुंद कमरपट्टा असतो आणि पाठीची लांबी कमी-जास्त करायची सोय असते. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या नकलांत यातलं फक्त ठिपक्यांचं कापड उरलेलं असतं. सांगाड्याच्या जागी फोमची पट्टी, आणि कमरपट्टा म्हणजे दोन बोटं रुंद नाडी.

त्या ठिपक्यांचंही कौतुक करू नका. चितळ-सांबराच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे नारिंगी आणि हिरवा यांतला फरक त्यांना कळत नाही. नारिंगी वाघ हिरव्या झुडपात लपू शकतो तो त्यामुळेच. जनावराला आपला सुगावा लागतो तो हालचालीनं, आवाजानं आणि वासानं. छापील ठिपक्यांसाठी जादा पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

आता मापाकडे येऊ. दुकानदार विचारतो, “उंची किती?” आणि उंच माणसाच्या हातात मोठी बॅग देतो. पण बॅग पायांवर बसत नाही, पाठीवर बसते. सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड लांब असतं. ओळखीच्या दोन वनरक्षकांची पाठ मी शिंप्याच्या टेपनं मोजून दिली, तेव्हा हे डोळ्यांसमोर आलं. बुटका म्हणाला, “मी तं साडेपाच फुटाचा सर, मले लहानच लागन.” त्याला मान खाली घालायला सांगितली. मान वाकवली की मानेच्या बुडाशी एक मणका टपकन वर येतो. हा मानेचा सातवा मणका. टेपचं एक टोक तिथे धरलं. मग त्याला कमरेवर हात ठेवायला लावले, अंगठे मागे आणि बोटं पुढे, तळवा कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर टेकलेला. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जिथे छेदते ते टेपचं दुसरं टोक. टेप पाठीच्या वळणाला चिकटवून खाली आणला. भरले ४७ सेंटिमीटर. त्याचा सोबती पाच फूट अकरा इंच. त्याची पाठ ४५. म्हणजे लांब पाठीची बॅग बुटक्याला हवी होती आणि उंच माणसाला त्याहून लहान.

बॅग घेताना कामाचा आकडा हाच. लिटरमधलं माप आत किती सामान मावेल ते सांगतं, ती अंगाला बसेल का हे सांगत नाही.

पण पाठीची लांबी एवढी महत्त्वाची का? याचं उत्तर आपल्या सांगाड्यात आहे आणि मला ते फार सुंदर वाटतं. आपला हात आणि खांदा मिळून धडाला हाडानं फक्त एकाच ठिकाणी जोडलेला आहे. गळ्याखालच्या खळगीशेजारी कॉलर बोन छातीच्या हाडाला टेकतं, तेवढाच काय तो हाडाचा आधार. खवाटा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, तर बरगड्यांवर मोकळा सरकतो. बाकी सगळा खांदा मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंनी वर उचलून धरलेला असतो. खांद्यावर दहा किलो टाकले की ते स्नायू बॅग उतरवेपर्यंत आवळून राहतात, आणि सतत आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. मान धरते ती इथे.

कमरेच्या हाडाची रचना अगदी वेगळी. ते मागे कण्याच्या बुडाशी घट्ट जोडलेलं आहे आणि खाली खुब्याच्या सांध्यातून थेट मांडीच्या हाडावर उभं आहे. धड, डोकं, दोन्ही हात, सगळ्यांचा भार ते उभ्याउभ्या वाहतच असतं. बॅगेचं वजन या हाडाच्या काठावर टेकवलं तर ते कणा आणि खांदे टाळून सरळ पायांत उतरतं. हे काम कमरपट्ट्याचं. पट्टा हाडाच्या काठावर बसलेला असताना खांद्याचे पट्टे खांद्यावर टेकले पाहिजेत, आणि या दोन जागांमधलं अंतर म्हणजेच पाठीची लांबी. बॅग आखूड पडली तर पट्टा पोटावर चढतो, तिथे टेकायला हाड नाही, सगळा भार खांद्यांवर येतो. बॅग लांब झाली तर खांद्याच्या पट्ट्यांखाली पोकळी राहते आणि बॅग मागे झुलते.

कपड्यावर बांधलेला पट्टा वजन पेलतो तरी कसा? थोडं गणित करू. पट्टा ताणून बांधला की तो चहूबाजूंनी आत दाबतो. पट्ट्यातला ताण ‘त’ असेल तर सगळा दाब मिळून २π गुणिले ‘त’ होतो. यात कंबर जाड की बारीक याचा संबंध येत नाही. ताण पाच किलोचा धरला तर दाब झाला ३१.४ किलो. घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा, ०.४ धरू. वरपासून खालपर्यंत सारख्या घेराच्या कमरेवर पट्टा घसरायच्या आधी ३१.४ गुणिले ०.४, म्हणजे सुमारे साडेबारा किलो पेलेल. आता समजा कमरेखाली घेर वाढत जातो आणि बाजूचा उतार १० अंशांचा आहे. ज्याचा टॅन (त्रिकोणमितीतलं टॅन्जंट गुणोत्तर) ०.४ येतो तो घर्षणाचा कोन जवळपास २२ अंशांचा. दोन्ही कोनांची बेरीज ३२. दाबाला ३२ अंशांच्या टॅननं गुणलं की उत्तर येतं साडेएकोणीस किलो. घेर खाली वाढण्याऐवजी तेवढाच कमी होत असेल तर २२ मधून १० वजा करायचे, १२ अंशांचा टॅन घ्यायचा, आणि उरतात जेमतेम साडेसहा किलो. पट्टा तोच, ताण तोच, पण एका अंगावर साडेएकोणीस किलो पेलतो आणि दुसऱ्या अंगावर साडेसहा.

अंगाचा आकार बॅगेत कुठे मोजला जातो ते इथे कळतं. बायकांच्या कमरेखाली घेर वाढतो, त्यामुळे पट्टा त्यांच्या हाडावर आपोआप चांगला बसतो. पण तो वरच्या बाजूला अरुंद आणि खाली रुंद, असा तिरका कापलेला हवा. सरळ कापलेल्या पट्ट्याची खालची कडाच तेवढी रुतते. शिवाय त्यांचं धड बहुधा आखूड आणि खांदे अरुंद असतात, म्हणून पुरुषी मापाच्या बॅगेचे पट्टे खांद्याच्या टोकाकडे घसरतात किंवा काखेत काचतात. आता वनखात्यात कितीतरी मुली बीट, म्हणजे वनरक्षकाच्या ताब्यातला जंगलाचा तुकडा, सांभाळतात. त्यांच्या हातात पुरुषांच्या मापाची बॅग देणं म्हणजे त्यांच्या खांद्यांवर रोजचा अन्याय आहे. बारीक अंगाच्या, सरळ कमरेच्या पोरांना पट्ट्याच्या मागे जाड उशी लागते. ती कण्याच्या बुडाशी असलेल्या तिरक्या हाडावर अडकते आणि घर्षणाची उणीव भरून काढते. पोट सुटलेल्यांनी पट्टा पोटावर बांधू नये, कारण पोटाखाली घेर कमी होतो आणि वरचं साडेसहा किलोचं गणित लागू पडतं. पट्टा पोटाखालून, पुढे दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवरून घ्यावा. आणि पँटच्या खिशातली किल्ली, मोबाईल, चुन्याची डबी आधी बाहेर काढावी. पट्ट्याखाली ती डबी तासाभरात हाडावर वळ उठवते.

जाहिरातींत ‘८० टक्के भार कमरेवर’ असं सर्रास लिहिलेलं असतं. २००४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी सांगाड्याच्या बॅगेत बल मोजायची साधनं बसवून पाहिलं, तेव्हा सुमारे ३० टक्के उभा भार कमरेकडच्या भागावर आला आणि ७० टक्के खांदे व वरच्या पाठीवर. तरी ३० टक्के थोडके नाहीत. पंधरा किलोच्या बॅगेत साडेचार किलो खांद्यांवरून उतरले.

न उतरलेला भार कधीकधी मोठा त्रास देतो. मानेतून हाताकडे जाणारा मज्जातंतूंचा जुडगा कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जातो. जड बॅगेचा पट्टा कॉलर बोनला खाली दाबत राहिला की हे तंतू चिमटतात. बोटांना मुंग्या येतात, हात वर उचलत नाही, कधी खवाटा पंखासारखा बाहेर येतो. सैनिकांत आणि डोंगर चढणाऱ्यांत हे कधीकधी दिसतं, डॉक्टर याला रकसॅक पाल्सी म्हणतात. आमच्याकडे रात्री जंगलातून आलेल्या माणसाचा हात असा लुळा पडला की घरचे म्हणतात, “बाहेरची हवा लागली बाप्पा,” आणि आधी गंडा बांधायला नेतात. ओझं बंद केलं की बहुतेकांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारतो, आणि श्रेय गंड्याला मिळतं. यात खरा धोका असा की अशीच लक्षणं पक्षाघातात किंवा मानेच्या दुखण्यातही दिसतात आणि त्यांत वेळ घालवून चालत नाही. हात लुळा पडला तर आधी दवाखाना.

पुढचा प्रश्न, वजन पाठीपासून किती लांब? बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलार होते, तसंच इथे. साठ किलोच्या माणसानं बारा किलोची बॅग घेतली आणि बॅगेचा गुरुत्वमध्य शरीराच्या गुरुत्वमध्याच्या २५ सेंटिमीटर मागे राहिला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य १२ गुणिले २५ भागिले ७२, म्हणजे चार सेंटिमीटरहून थोडा जास्त मागे जातो. तो पुन्हा पावलांवर आणायला माणूस पुढे वाकतो, आणि पाठीचे स्नायू दिवसभर ते वाकणं सांभाळतात. तेच अंतर १५ सेंटिमीटर केलं तर सरकणं अडीच सेंटिमीटरवर येतं. म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि बॅटऱ्या पाठीला लागून, खवाट्यांच्या उंचीवर ठेवाव्यात, आणि कपडे-चादर बाहेरच्या बाजूला. मेळघाटातल्या खडकाळ उतारावर मात्र जड वस्तू थोड्या खाली घ्याव्यात, तोल चांगला राहतो.

मागे ताणलेली जाळी असलेल्या बॅगा हवा खेळती ठेवतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा पाठीवरचा घाम सुकणं हा चैनीचा विषय नाही, शरीर गार राहण्याचा प्रश्न आहे. पण ती जाळी ओझं चार-पाच सेंटिमीटर मागे ढकलते. माझं मत असं: सात-आठ किलोपर्यंत जाळीची बॅग घ्यावी, त्यावर पाठीला चिकटून बसणारी.

डोक्यावर मोळी आणणाऱ्या आयाबायांना हा पुढे-मागेचा प्रश्नच येत नाही, त्यांचं ओझं सरळ कण्याच्या रेषेत असतं. नेपाळी हमाल कपाळावरच्या पट्ट्यानं ओझं वाहतात. २००५ मध्ये झालेल्या मोजणीत त्यांच्यातले पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि बायका ६६ टक्के ओझं नेताना आढळल्या. ही लहानपणापासून घडलेल्या मानेची ताकद आहे. शहरातून आलेल्या पोरानं एका दिवसात ते करू पाहू नये, मानेचे मणके दुखावतील.

बॅग दुकानात रिकामी घालून बघण्यात काही हशील नाही. दुकानदाराला सांगून आत दहा किलो वजन घालावं, तांदळाचं पोतं चालतं. आधी सगळे पट्टे सैल करावेत. बॅग पाठीवर घेऊन कमरपट्टा हाडाच्या वरच्या काठावर मध्यावर बसेल असा बांधावा, मग खांद्याचे पट्टे हलकेच ओढावेत, नंतर खांद्यावरून बॅगेच्या माथ्याकडे जाणाऱ्या छोट्या पट्ट्या ताणाव्यात. त्या साधारण ४५ अंशांत वर गेल्या पाहिजेत. आडव्या राहिल्या तर बॅग आखूड आहे. छातीचा पट्टा शेवटी, श्वास मोकळा राहील इतकाच. मग पंधरा-वीस मिनिटं चालावं, जिना चढावा. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली आणि कमरेवर भार जाणवला तर ती बॅग तुमची.

पावसाळी गस्तीला, विशेषतः गडचिरोलीतल्या भामरागडकडे, नाला ओलांडायच्या आधी कमरपट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही सोडून घ्यावेत, खांद्याचे सैल करावेत. पाय निसटला तर भरलेली बॅग माणसाला तोंडावर पाडते आणि पाण्यात दाबून धरते. पट्टे सुटे असले तर ती एका झटक्यात उतरते.