सलग दोन तिमाह्यांची घसरण म्हणजेच मंदी नव्हे

सकल देशांतर्गत उत्पादन सलग दोन तिमाह्या घटले की मंदी आलीच, हा समज जगभरच्या नजीकच्या आर्थिक अंदाजांत नियमासारखा वापरला जातो. तो नियम नाही. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाचे आयुक्त ज्युलियस शिस्किन यांनी १९७४ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात मंदीच्या अनेक खुणा सांगितल्या होत्या, पण लोकांच्या लक्षात तेवढी एकच राहिली.

अमेरिकेत मंदीच्या तारखा नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या खासगी संशोधन संस्थेची समिती ठरवते आणि त्यासाठी रोजगार, वास्तव (महागाई वजा जाता उरणारे) उत्पन्न, औद्योगिक उत्पादन यांतील घसरण किती खोल, किती व्यापक आणि किती काळ टिकली, हे पाहते. म्हणूनच फेब्रुवारी ते एप्रिल २०२० ही जेमतेम दोन महिन्यांची घसरण मंदी ठरली, तर २०२२ च्या पहिल्या दोन्ही तिमाह्यांत प्राथमिक आकड्यांनुसार उत्पादन घटूनही, रोजगार वाढत असल्याने, मंदी जाहीर झाली नाही. पुढे सुधारित आकड्यांत तर दुसऱ्या तिमाहीत किंचित वाढच दिसली.

जपानसारख्या मुळातच संथ वाढीच्या देशात किरकोळ घटही सलग दोनदा होऊ शकते. उलट चीनची वाढ निम्म्यावर आली तरी ती शून्याखाली जात नाही, आणि तिथे काम गमावणाऱ्यांना बसणारी झळ मात्र या मोजपट्टीत मुळीच दिसत नाही.