उष्णता पंप, घरगुती : भूस्रोत व वायुस्रोत

थंड हवामानाच्या प्रदेशात घर ऊबदार ठेवण्यासाठी बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणारी यंत्रणा. तिचे चक्र रेफ्रिजरेटरचेच असते : बाष्पकात प्रशीतक (कमी तापमानालाच उकळणारा द्रव) उष्णता शोषते, कॉम्प्रेसरमध्ये त्याचा दाब व तापमान वाढते आणि संघनकात ती उष्णता घरातील नळ्यांमधल्या पाण्याला मिळते. बाष्पकावर पंख्याने बाहेरची हवा खेळवली, तर तो वायुस्रोत पंप. जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून फिरणाऱ्या गोठणरोधी द्रवामार्फत उष्णता घेतली, तर भूस्रोत पंप. नव्या घरासाठी या दोहोंतून निवड करण्याचा प्रश्न मुख्यतः उत्तर व मध्य यूरोप आणि उत्तर अमेरिका येथे येतो.

इतिहास : कल्पनेचे श्रेय सामान्यतः विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांना दिले जाते. हवेच्या प्रसरण-संपीडनाने इमारत तापवता येईल, असे त्यांनी १८५२ मध्ये गणिताने दाखवले. मांडणी सैद्धांतिक होती. ऑस्ट्रियन अभियंते पेटर फोन रिटिंगर यांनी १८५५-५७ च्या सुमारास एबेनझे येथील मिठाच्या कारखान्यात खाऱ्या पाण्याची वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हा बाष्पीभवनासाठी वापरली. काही अभ्यासक हाच पहिला उष्णता पंप मानतात. तथापि ते वाफेचे पुनःसंपीडन होते, प्रशीतकाचे बंद चक्र नव्हते. त्यामुळे घरगुती पंपाचा वंश केल्व्हिन यांच्यापासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटिश अभियंते टी. जी. एन. हॉल्डेन यांनी १९२० नंतरच्या दशकात स्कॉटलंडमधील आपल्या घरी असा पंप चालवून पाहिला. झुरिकच्या नगरभवनात १९३८ मध्ये लिमात नदीतून उष्णता घेणारा पंप बसवण्यात आला. तो २००१ पर्यंत चालला.

जमिनीतून उष्णता घेण्याची कल्पना स्विस अभियंते हाइनरिख झोली यांच्या १९१२ च्या पेटंटात आढळते. प्रत्यक्ष घरासाठी तिचा वापर प्रथम अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रॉबर्ट वेबर यांनी केला, असे बहुधा सांगितले जाते. काही नोंदी त्यासाठी १९४५ हे वर्ष देतात, तर काही १९४८. प्रसार मात्र १९७३ च्या तेलसंकटानंतर झाला आणि त्यात स्वीडन आघाडीवर राहिला. तेथे कठीण खडक अनेक ठिकाणी पृष्ठभागाजवळच लागतो, त्यामुळे बोअरला थोडीच केसिंग (भिंत ढासळू नये म्हणून घालायची नळी) पुरते.

जमिनीतील उष्णतेचे मूळ : भूस्रोत पंपाचा संबंध वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम झऱ्यांसारख्या भूऔष्णिक ऊर्जेशी लावला जातो, तो बराचसा चुकीचा आहे. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा उष्णतेचा ओघ दर चौ. मी.ला सुमारे ०.०६ वॉट असतो. म्हणजे ५०० चौ. मी.च्या प्लॉटखालून जेमतेम ३० वॉट मिळतात, तर एका घराचा पंप काही किलोवॉट उष्णता ओढतो. दीड मीटरवर आडव्या पुरलेल्या नळ्यांना मिळते ती उन्हाची व पावसाच्या पाण्याची साठलेली उष्णता. १०० ते २०० मी. खोल बोअरमध्ये पोटातल्या उष्णतेचा वाटा थोडा वाढतो. तरी बहुतेक भरपाई आजूबाजूच्या खडकातून होते. म्हणूनच बोअर फार जवळजवळ घेतल्यास किंवा खोली कमी पडल्यास जमीन वर्षागणिक थंड होत जाते.

कार्यमान : साधारण १० ते १५ मी. खाली जमिनीचे तापमान वर्षभर जवळपास स्थिर, म्हणजे मध्य यूरोपात सुमारे १० °से. असते. हवा मात्र गरज सर्वाधिक असते तेव्हाच सर्वाधिक थंड असते. शिवाय शून्याच्या आसपासच्या दमट हवेत वायुस्रोत पंपाच्या पत्र्यांमध्ये बर्फ साचून हवेची वाट बुजते. मग चौमुखी झडप चक्र उलटवते, घरातली उष्णता काही मिनिटे बाहेर जाते, यंत्रातून वाफेचे लोट उठतात आणि वितळलेले पाणी खाली गळते. त्या पाण्याचा निचरा पायवाटेवर होऊ देऊ नये. तेथे ते पुन्हा गोठते.

आदर्श चक्राचा कार्यगुणांक (मिळालेली उष्णता भागिले खर्चलेली वीज) स्रोत ० °से. व नळ्यांतील पाणी ३५ °से. असता ८.८ येतो. स्रोत −१० °से. झाला, तर तो ६.८ होतो, स्रोत ० °से.च ठेवून पाणी ५५ °से. केले, तर ६.० वर येतो. प्रत्यक्ष यंत्रे याच्या साधारण निम्म्यापर्यंत पोहोचतात. तेव्हा नव्या घरात आधी फरशीखाली पुरेशा नळ्या घालून पाण्याचे तापमान कमी राखावे; स्रोताचा विचार त्यानंतरचा.

निवड : जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या जुन्या घरांतील मोजमापांत हंगामी कार्यगुणांकाची (संपूर्ण हंगामाच्या कार्यगुणांकाची) सरासरी वायुस्रोतासाठी सुमारे ३.१, तर भूस्रोतासाठी ४.१ आली. हे आकडे घेतल्यास वर्षाला २०,००० युनिट उष्णता लागणाऱ्या घरात भूस्रोत पंप सुमारे १,५७० युनिट वीज वाचवतो. ६,००० युनिटांत भागणाऱ्या, उत्तम उष्णतारोधन असलेल्या नव्या घरात मात्र ४७० च. बोअरचा खर्च तेवढ्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे लहान नव्या घराला वायुस्रोत सहसा पुरतो. मोठे घर, कडाक्याचा दीर्घ हिवाळा, अनेक घरांची सामाईक बोअर-योजना किंवा उन्हाळ्यात त्याच जमिनीत उष्णता सोडून घर गार करण्याची सोय असेल, तर भूस्रोताचे पारडे जड होते.

भूस्तराची पाहणी टाळू नये. जर्मनीत श्टाउफेन येथे २००७ मध्ये नगरभवनाजवळ घेतलेल्या बोअरमुळे भूजल अनहायड्राइट या निर्जल खनिजाच्या थरात शिरले, त्याचे जिप्सम होऊन तो फुगला, जमीन वर उचलली गेली आणि अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले.

वायुस्रोताचा बाहेरचा भाग आवाज करतो; तो शेजाऱ्याच्या शयनगृहाच्या खिडकीसमोर बसवू नये. महाराष्ट्रात घर तापवण्याची गरज नगण्य असल्याने हे तंत्र मुख्यतः हॉटेले व वसतिगृहांत पाणी तापवण्यापुरते, वायुस्रोत प्रकारातच आढळते.