मागचा ब्रेक मऊ पडला: नळीत हवा की मास्टर सिलिंडरचा कप?

गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना माझ्या मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले. गॅरेजमध्ये सांगितले, ‘हवा धरली आहे.’ हवा काढून दिली, चार दिवस बरे वाटले आणि पुन्हा तोच प्रकार. असे तीनदा झाले. शेवटी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी हवा काढायच्या निपलला हात न लावता पेडलवर नुसता तळहात ठेवला आणि मिनिटभर सारखा दाब दिला. पेडल त्यांच्या हाताखाली हळूहळू बुडत गेले. दोष मास्टर सिलिंडरमधल्या, म्हणजे पेडल दाबताच ब्रेक ऑइल नळीत ढकलणाऱ्या भागातल्या, पिस्टनवरच्या रबरी कपाचा होता.

या दोन दोषांची गल्लत होते, कारण दोन्हींत पेडल मऊ लागते आणि ब्रेक उशिरा धरतो. आत घडते ते मात्र अगदी निराळे. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, म्हणूनच पायाचा जोर तसाच्या तसा कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाची डिस्क आवळणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतो. हवा मात्र दाबली जाते, त्यामुळे नळीत बुडबुडा असेल तर पेडलचा बराचसा प्रवास तो आवळण्यातच खर्च होतो. कप झिजला असेल तर नळीत हवेचा थेंबही नसतो, पण त्याची कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट बसत नाही आणि दाबलेले ऑइल कपाला वळसा घालून मागे ब्रेक ऑइलच्या टाकीकडे सरकते. ऑइल बाहेर कुठेच सांडत नाही, टाकीतली पातळीही कमी होत नाही, म्हणूनच हा दोष इतका फसवा आहे.

हवेचे पेडल स्प्रिंगसारखे लागते. दोनचार वेळा भराभर पंप केले की ते वर येते, कडक होते आणि दाबून धरले तर तिथेच टिकते; थोडा वेळ सोडून पुन्हा दाबले की परत मऊ. कपाचे पेडल जोराने झटकन दाबले तर पुष्कळदा चांगले लागते, कारण अचानक आलेल्या दाबाने कपाची कड फाकून भिंतीला चिकटते. तेच पेडल हलक्या, सारख्या दाबाखाली धरले की खाली जाऊ लागते. गॅरेजमध्ये पेडल तपासताना बहुतेक जण पायाने जोरातच दाबतात आणि नेमका हाच दोष नजरेतून निसटतो. सिग्नलला पाय ठेवून उभे असताना पेडल खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मी आधी कपावरच संशय घेईन.

खात्री करून घ्यायची असेल तर मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी जोडलेली नळी सोडवून तिथे त्याच आट्यांचा बंद बोल्ट व वॉशर घट्ट बसवावा, आत हवा राहिली असल्यास तेवढी काढावी आणि पेडल दाबून धरावे. ते दगडासारखे टणक राहिले तर सिलिंडर निर्दोष आहे, आणि हवा पुढे नळीत किंवा कॅलिपरमध्ये शोधावी. तरीही बुडत राहिले तर दोष सिलिंडरातच आहे.

घाटात तिसरीही एक शक्यता असते. उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला की ऑइल तापते. डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषते आणि पुरेसे पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. उकळलेल्या ऑइलची वाफ हवेसारखीच वागते. गाडी थंड झाल्यावर पेडल आपोआप सुधारले तर वाफेचा संशय घ्यावा आणि ऑइल बदलावे. झिजलेला कप थंड झाल्याने बरा होत नाही.

वारंवार हवा काढण्याने कपाचे नुकसानही होते, हे मला उशिरा कळले. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या थोड्याच भागात फिरतो. त्यापुढच्या भागात गाळ आणि गंज साचतो. निपल उघडून पेडल तळापर्यंत दाबले की जुना कप त्या खरखरीत भागावर घासला जातो. म्हणून जुन्या गाडीत हवा काढताना पेडल अर्ध्यापर्यंतच दाबावे. मागचा सिलिंडर पायाजवळ असल्याने गगनबावड्याच्या बाजूचा पावसाळी चिखल त्याच्या रबरी टोपीवर सतत उडतो. टोपी फाटली की पाणी आत शिरते. टोपीखाली ओल दिसली तर बाहेरचा सीलही गेला असे समजावे.

किट, म्हणजे सिलिंडरमधल्या कप-सीलचा नवा संच, बदलताना भाग ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवावेत. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागले तर हे रबर फुगते. सिलिंडरच्या आत नख अडेल असा खड्डा किंवा ओरखडा असेल तर नवे किट टिकणार नाही, अख्खा सिलिंडरच बदलावा. जोडणी झाल्यावर पेडलला थोडी मोकळी खेळी ठेवावी, नाहीतर ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते आणि ब्रेक घासत राहून तापतो. त्यानंतर पेडल हाताने मिनिटभर दाबून धरावे आणि ते जागचे हलले नाही, तरच गाडी रस्त्यावर काढावी.