कन्कशननंतरचा दृष्टित्रास
डोक्याला मार लागल्यामुळे किंवा मानेला जोराचा हिसका बसल्यामुळे मेंदू कवटीच्या आत हादरतो आणि त्याचे काम काही काळ विस्कळीत होते. या अवस्थेला कन्कशन म्हणतात. त्यानंतर वाचताना डोळे दुखणे, अक्षरे पुसट होणे किंवा हलणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, उजेड सहन न होणे, हलते दृश्य पाहून गरगरणे अशा तक्रारी सुरू होतात. बहुतेक वेळा डोळा शाबूत असतो. बुबुळ, भिंग, दृष्टिपटल तपासून काही सापडत नाही, सीटी स्कॅन स्वच्छ येतो, तक्त्यावर 6/6, म्हणजे सामान्य नजरेइतके, वाचता येते. तरीही वर्तमानपत्राचा एक रकाना वाचून होत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे ऐकून अनेक रुग्ण स्वतःवरच शंका घेऊ लागतात, घरचेही घेतात. रुग्णाला हा सर्वांत मोठा जाच होतो आणि तो अनाठायी आहे.

तक्ता वाचताना माणूस एक डोळा झाकून स्थिर बसतो आणि 6 मीटरवरचे न हलणारे अक्षर क्षणभर ओळखतो. पुस्तक वाचताना दोन्ही डोळे एकाच बिंदूवर जुळवून, जवळच्या अंतरावर, ओळीमागून ओळ तासभर हलवावे लागतात. हे काम मेंदूच्या अनेक भागांना मिळून करावे लागते. हादऱ्याने तिथले चेतातंतू ताणले जातात, पेशींच्या आतबाहेरच्या क्षारांचा तोल ढळतो आणि तो सावरण्यात मेंदूची ऊर्जा खर्च होते. म्हणून दिसायला दिसते, पण टिकत नाही.

जवळचे पाहताना तीन गोष्टी एकदम घडतात: दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, भिंग फुगीर होते, बाहुली लहान होते. कन्कशननंतर यातल्या पहिल्या दोन क्रिया सर्वाधिक अडखळतात. पेनाचे टोक हळूहळू नाकाजवळ आणले, तर निरोगी माणसाला ते साधारण 5-6 सेंटिमीटरपर्यंत एकच दिसते. इथे ते बरेच आधी दुभंगते. पहिल्या खेपेस ठीक आणि चौथ्या-पाचव्या खेपेस बिघडलेले, असेही होते. त्यामुळे ही चाचणी एकदाच करून थांबू नये. भिंगाची क्रिया मंदावली, की विशीतल्या मुलाला चाळिशी लागल्यासारखे होते. पुस्तक लांब धरावेसे वाटते, आणि फळ्यावरून नजर वहीवर आणली की अक्षर स्पष्ट व्हायला वेळ लागतो. कन्कशन झालेल्या 11 ते 17 वर्षांच्या 100 मुलांची तपासणी करणारा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 69 जणांत दृष्टीचा किमान एक दोष आढळला. भिंगाचे आणि डोळे जुळवण्याचे दोष प्रत्येकी सुमारे निम्म्या मुलांत होते.

वाचताना नजर ओळीवरून सलग सरकत नाही, उड्या मारत जाते. या उड्या चुकू लागल्या, की ओळ निसटते किंवा तीच ओळ पुन्हा वाचली जाते. डोके हलले तरी दृश्य स्थिर ठेवण्याचे काम कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या मदतीने होते. तिथे गडबड झाली, तर गर्दीत किंवा सामानाने भरलेल्या उंच मांडण्यांमधून चालताना पोटात ढवळते. कधी चौथ्या कपालचेतेला, म्हणजे डोळा वळवणाऱ्या एका स्नायूला चालवणाऱ्या मेंदूतल्या नसेला, इजा होते. ती बारीक असते, कवटीच्या आत तिचा प्रवास लांबलचक असतो, म्हणून माराला लवकर बळी पडते. अशा माणसाला वस्तू खालीवर दोन दिसतात, जिना उतरणे कठीण होते आणि नकळत मान एका बाजूला कलते.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, फिट (आकडी), गुंगी, लहानमोठ्या झालेल्या बाहुल्या, नव्याने दोन-दोन दिसणे, किंवा डोळ्यापुढे विजा चमकणे, काळे ठिपके उसळणे आणि पडदा सरकल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

विश्रांतीबाबतचा जुना सल्ला आता बदलला आहे. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्याने बरे होणे लांबते. पहिले 24 ते 48 तास आराम, आणि या काळात मोबाइल, टीव्ही, संगणक यांचा पडदा शक्य तितका दूर. 12 ते 25 वयोगटातील रुग्णांवर झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिले 48 तास पडदा टाळणाऱ्यांची लक्षणे मध्यकानुसार (निम्म्या रुग्णांत याच्या आत) 3.5 दिवसांत ओसरली. पडदा पाहणाऱ्यांना 8 दिवस लागले. सुरुवातीच्या या आरामानंतर काम हळूहळू वाढवत न्यायचे. तक्रारीला 0 ते 10 गुण द्यावेत. काम करताना ती आधीपेक्षा जास्तीत जास्त 2 गुणांनी वाढून तासाभरात ओसरत असेल तर चालते, त्याहून वाढली तर थांबावे.

याहून उपयोगी सवय म्हणजे त्रास सुरू होण्याआधीच थांबणे. बाराव्या मिनिटाला डोके भणभणते हे कळले, की आठव्या मिनिटाला पुस्तक मिटावे, दूरवर नजर टाकावी किंवा डोळे मिटून बसावे. ‘एवढे पान संपवू’ या हट्टापायी पुढचा अख्खा दिवस वाया जातो. अक्षर मोठे करावे आणि पुठ्ठ्याला खाच पाडून एकच ओळ उघडी ठेवावी. शक्य तिथे छापील प्रत घ्यावी. पडद्यावर मजकूर सरकवत वाचण्यापेक्षा पान उलटत वाचणे सोसते. फोनमधली हलती दृश्ये कमी करण्याची सोय चालू करावी. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे चुरचुरतात, म्हणून मुद्दाम डोळे मिचकावावेत. लांब मजकूर ऐकता येत असेल तर ऐकावा. प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांना खालच्या पट्टीतून अक्षर शोधताना सारखी मान हलवावी लागते; त्यांना काही काळ वाचनापुरता साधा चष्मा सुखावह ठरतो. नजर आणि तोल सावरेपर्यंत वाहन चालवू नये.

उजेड टोचतो म्हणून घरातही काळा चष्मा लावून बसण्याचा मोह होतो. त्याने डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही अधिक बोचू लागतो. बाहेर टोपी आणि गॉगल, आत मात्र दिवा मंद करणे, पडद्याची चमक उतरवणे बरे. एफएल-41 नावाची गुलाबी छटेची काच काहींना आराम देते. ती निळसर-हिरवा प्रकाश अडवते.

बहुतेक प्रौढांचा त्रास सुमारे दोन आठवड्यांत, मुलांचा चार आठवड्यांत निवळतो. त्याहून लांबला, तर दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडे जावे. 2014 मध्ये मांडलेली व्हॉम्स ही चाचणी काही मिनिटांत होते: नजरेच्या प्रत्येक हालचालीनंतर डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि डोक्यातला धूसरपणा यांना गुण दिले जातात. गरजेनुसार डोळे जुळवण्याचे व्यायाम, तोलाचे व्यायाम किंवा चष्म्यात तात्पुरते प्रिझम (दोन प्रतिमा जुळवण्यासाठी प्रकाश वळवणारी काच) सुचवतात. नंबर बदलण्याची घाई पहिल्या आठवड्यांत करू नये.

लहान मुले ‘पुसट दिसतं’ असे सांगत नाहीत. ती वही टाळतात, एक डोळा हाताने झाकतात, डोके बाकावर टेकवतात, आणि मग आळशी ठरतात. अशा मुलाला फळ्यावरचा मजकूर छापून द्यावा, परीक्षेत जादा वेळ द्यावा आणि मधेच उठून डोळे मिटून बसण्याची मुभा असावी.