ड्राफ्ट (खेळाडूंची निवड)

ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी उपलब्ध खेळाडूंमधून ठरलेल्या क्रमाने, आळीपाळीने केलेली निवड. अमेरिकेतील राष्ट्रीय फुटबॉल लीगने ही पद्धत १९३६ मध्ये सुरू केली. भारतात लिलावच रूढ असला, तरी इंडियन प्रीमियर लीगचा (आयपीएल) एक ठळक ड्राफ्ट १५ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत झाला.

दुबळ्या संघाला आधी संधी मिळावी, हा क्रमामागचा मूळ हेतू. पण तळाच्या संघाला पहिली निवड हमखास मिळणार असेल, तर हंगामाच्या अखेरीस जाणूनबुजून हरण्याचा मोह होतो. म्हणून अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने (एनबीए) १९८५ पासून सोडत आणली. पुढे तिचे रूप असे झाले : यंत्रातील १४ चेंडूंपैकी चार बाहेर येतात, त्यांच्या १,००१ जुळण्या संभवतात, एक बाद धरून उरलेल्या १,००० संघांत वाटल्या जातात. सर्वांत खालच्या संघाची पहिल्या निवडीची शक्यता पूर्वी २५ टक्के होती. २०१९ मध्ये तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के देण्यात आली. मुंबईच्या मैदानांवर भिडू वाटून घेताना मुले हाच प्रश्न अधिक सुटसुटीतपणे सोडवतात. तोलामोलाचे दोघे बाजूला जाऊन गुपित नावे घेतात आणि कप्तान जे नाव पुकारेल तो भिडू त्याचा होतो. जोडी जुळवताना गुणवत्ता पाहिली जाते, नाव पुकारताना नशीब.

ड्राफ्टच्या रात्री प्रत्येक संघाकडे स्वतःची गुणानुक्रम यादी असते. ती चांगला आणि सामान्य यांतला फरक बऱ्यापैकी दाखवते, मात्र शेजारच्या दोन नावांतला फरक दाखवताना ती फार कच्ची ठरते. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी फुटबॉल लीगच्या निवडी तपासल्या, तेव्हा एकाच जागेवर खेळणाऱ्या व लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधीचा सरस ठरण्याचे प्रमाण जेमतेम ५२ टक्के आढळले, म्हणजे छापा-काट्याहून थोडेसेच अधिक. त्यामुळे वरची एक निवड देऊन खालच्या दोन-तीन घेणे बहुधा फायद्याचे असते. तरीही संघ वरच्या निवडीसाठी भारी किंमत मोजतात. पुढे या लीगचा महान खेळाडू ठरलेला टॉम ब्रेडी २००० साली १९९व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला होता.

यादी आणि गरज यांचाही झगडा असतो. २००८ मध्ये आयपीएल संघांनी १९ वर्षांखालील खेळाडू निवडले, तेव्हा सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स अशी फलंदाजी हाताशी असलेल्या दिल्लीने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला आणि विश्वविजेत्या युवा संघाचा कर्णधार विराट कोहली बंगळूरला मिळाला. या निर्णयाची आज थट्टा होते, पण त्या दिवशीच्या माहितीवर तो अवाजवी म्हणता येत नाही.

मुंबईतील २०१५ चा ड्राफ्ट चेन्नई व राजस्थान या निलंबित संघांच्या खेळाडूंसाठी होता. पुणे आणि राजकोट या दोन नव्या संघांनी त्यांतून प्रत्येकी पाच जण उचलायचे होते. पहिल्या निवडीचे मानधन साडेबारा कोटी रुपये, पाचवीचे चार कोटी. पुण्याने प्रथम धोनी घेतला, मग राजकोटने रैना. पुढे पुण्याकडे रहाणे, अश्विन, स्मिथ, डु प्लेसी. राजकोटकडे जडेजा, मॅक्युलम, फॉकनर, ब्राव्हो. कागदावर पुणे उजवे वाटत होते. २०१६ मध्ये मात्र गुजरात लायन्स या नावाने खेळलेला राजकोटचा संघ साखळीत अव्वल आला, तर स्मिथ, डु प्लेसी, पीटरसन आणि मिचेल मार्श दुखापतींनी गमावलेले पुणे सातवे राहिले. २०१७ मध्ये पारडे फिरले. गुजरात सातवे आले, आणि बेन स्टोक्सची भर पडलेले पुणे अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सकडून एका धावेने हरले. निवड चांगली होती की वाईट, हे एका हंगामावरून ठरवणारे दोन्ही वेळा फसले असते.

लिलावात क्रमाचे नशीब जाते, कारण प्रत्येक नावावर सर्वांना बोली लावता येते. पण मर्यादा घातली की ते वेगळ्या वाटेने परतते. १९ जानेवारी २०१० रोजी मुंबईतच झालेल्या लिलावात कायरन पोलार्डवर चार संघ साडेसात लाख डॉलरच्या कमाल बोलीवर येऊन अडले. तेव्हा बंद लखोट्यात गुप्त रक्कम मागवण्यात आली आणि मुंबई इंडियन्सची सर्वांत मोठी निघाली. मर्यादेवरची ही रक्कम खेळाडूला नव्हे, तर क्रिकेट मंडळाला मिळत असे. पोलार्ड मुंबईकडून २०२२ पर्यंत खेळला.